दोन न्यूरॉनमधले नाते कसे मोजतात?

समजा, आपल्यापुढे आकड्यांच्या दोन याद्या आहेत. पहिलीत लिहिले आहे: ०.११३, ०.१८७, ०.१९०, ०.२६४… दुसरीत: ०.११६, ०.१९३, ०.३०१… हे सेकंद आहेत. मेंदूतला एक न्यूरॉन कोणकोणत्या क्षणी फायर झाला ते पहिली यादी सांगते, आणि त्याच वेळी नोंदलेल्या शेजारच्या न्यूरॉनचे क्षण दुसरीत आहेत. पहिल्याच्या ०.११३ नंतर दुसऱ्याचा ०.११६ आहे, आणि ०.१९० नंतर ०.१९३. दोनदा तीन-तीन मिलिसेकंदांचे अंतर पडले. पहिला दुसऱ्याला काही कळवतो आहे का? की हा निव्वळ योगायोग आहे?

मेंदूविज्ञानातले बरेचसे काम या एका प्रश्नावर येऊन थांबते. मेंदूची कामे एकटादुकटा न्यूरॉन करत नाही, ती न्यूरॉनच्या समूहांची असतात, आणि समूह समजून घ्यायचा तर आधी दोघांमधले नाते मोजता आले पाहिजे. जिवंत प्राण्याच्या मेंदूत दोन न्यूरॉनना जोडणारा धागा सहसा दिसत नाही. हाती असतात त्या फक्त या याद्या.

याद्या एवढ्या साध्या का, तेही पाहू. न्यूरॉनचा संदेश म्हणजे सुमारे एक मिलिसेकंदाचा विद्युत ठोका, ज्याला स्पाइक म्हणतात. हा ठोका लहान-मोठा होत नाही. तो पडतो किंवा पडत नाही. एडगर एड्रियन यांनी १९२०च्या दशकात एकेका मज्जातंतूतले स्पाइक नोंदवून दाखवले की उत्तेजना वाढली की ठोक्याचा आकार तसाच राहतो आणि ठोके अधिक वेगाने पडू लागतात. १९३२च्या नोबेल पुरस्कारात चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. ठोक्याच्या आकारात माहिती नसल्यामुळे त्याची वेळ तेवढी लिहून ठेवली की पुरते. म्हणूनच न्यूरॉनची तासाभराची कहाणी आकड्यांच्या एका रांगेत मावते.

आता मोजू या. पहिल्या न्यूरॉनला अ म्हणू आणि दुसऱ्याला ब. अ सेकंदाला सरासरी २० स्पाइक देतो, ब १० देतो, आणि नोंद १०० सेकंदांची आहे. म्हणजे अ चे २,००० स्पाइक आणि ब चे १,०००. वेळेचे एकेका मिलिसेकंदाचे कप्पे पाडले, तर १ लाख कप्पे होतात. कुठल्याही एका कप्प्यात अ चा स्पाइक असण्याची संभाव्यता ०.०२ आणि ब ची ०.०१. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसेल, तर एकाच कप्प्यात दोघे सापडण्याची संभाव्यता या दोन आकड्यांचा गुणाकार, म्हणजे ०.०००२. १ लाख कप्प्यांत अशा २० गाठी केवळ योगायोगाने पडतील.

हा २० चा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख त्याच्याभोवती फिरणार आहे. प्रत्यक्षात ६० गाठी मोजल्या, तर ६० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. २० च्या शेजारी ठेवला की तो बोलू लागतो. गाठी मोजणे शाळकरी मुलालाही जमेल. संबंध नसता तर किती गाठी पडल्या असत्या, हे ठरवण्यात खरी कसोटी आहे. या क्षेत्रात गेल्या साठएक वर्षांत निघालेल्या पद्धती मुख्यतः या दुसऱ्या आकड्याच्या शोधात एकमेकींपासून वेगळ्या झाल्या आहेत.

गाठी फक्त त्याच क्षणी पडतात असे नाही. अ चा स्पाइक त्याच्या लांब तंतूतून जाऊन, दोन न्यूरॉनमधला सांधा म्हणजे सायनॅप्स ओलांडून ब पर्यंत पोचायला एक-दोन ते चार-पाच मिलिसेकंद लागू शकतात. म्हणून अ चा प्रत्येक स्पाइक शून्य मानायचा आणि त्याच्या आगेमागे २०० मिलिसेकंदांत ब चे स्पाइक कुठे कुठे पडले ते लिहायचे. २,००० स्पाइकसाठी हेच करून सगळ्यांची बेरीज केली की एक स्तंभालेख तयार होतो. त्याला क्रॉस-कोरेलोग्राम म्हणतात. आडव्या अक्षावर उणे २०० ते अधिक २०० मिलिसेकंद, आणि प्रत्येक स्तंभाची उंची म्हणजे तेवढ्या अंतराने पडलेल्या जोड्यांची संख्या. डोनाल्ड पर्केल, जॉर्ज गर्स्टाइन आणि जॉर्ज मूर यांनी १९६७ साली बायोफिजिकल जर्नलमध्ये लागोपाठ दोन लेख लिहिले. पहिला एकट्या न्यूरॉनच्या स्पाइकमालिकेबद्दल होता, दुसरा एकाच वेळी नोंदलेल्या मालिकांबद्दल. या पद्धतीची शिस्तशीर मांडणी त्या दुसऱ्या लेखात आहे, आणि आजही विद्यार्थ्याने सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे.

संबंध नसेल तर आपल्या उदाहरणातला आलेख २० च्या आसपास सपाट पसरतो. संबंध असेल तर त्यात उंचवटा दिसतो, आणि उंचवट्याची जागा व रुंदी दोन्ही महत्त्वाची असतात. शून्याच्या उजवीकडे, दोन-तीन मिलिसेकंदांवर एकच अरुंद सुळका असेल, तर अ फायर झाल्यावर लगेच ब फायर होतो असा अर्थ निघतो. एका सायनॅप्सने जोडलेल्या न्यूरॉनमध्ये असाच सुळका अपेक्षित असतो. सुळका बरोबर शून्यावर, दोन्ही बाजूंना सारखा उतरलेला असेल, तर दोघांना तिसरा कुणी एकाच वेळी उद्दीपित करत असण्याची शक्यता अधिक. आणि पन्नास-शंभर मिलिसेकंद रुंदीची टेकडी असेल, तर तिच्यामागे सहसा सावकाश चालणारे काहीतरी असते.

क्ले रीड आणि होसे-मानुएल अलोन्सो यांनी १९९५ साली मांजराच्या मेंदूत ही पद्धत फार सुंदर वापरली. डोळ्याकडून येणारी माहिती थॅलॅमसमधून मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, पोचते. थॅलॅमसमधला एक न्यूरॉन आणि कॉर्टेक्समधला एक न्यूरॉन अशा जोड्या एकाच वेळी नोंदवून त्यांनी कोरेलोग्राम काढले. काहींमध्ये तो अरुंद, थोडा उशिराचा सुळका मिळाला आणि काहींमध्ये मिळाला नाही. ज्या जोड्यांमध्ये दोन्ही न्यूरॉन दृश्याच्या एकाच जागेकडे पाहत होते आणि उजेडाला किंवा अंधाराला सारखाच प्रतिसाद देत होते, तिथे सुळका सापडण्याची शक्यता बरीच जास्त होती. ह्यूबेल आणि वीझेल या दृष्टिसंशोधकांनी साठच्या दशकात मांडलेल्या अशाच जोडणीच्या कल्पनेला यातून भक्कम आधार मिळाला, आणि तोही न्यूरॉनमधला धागा डोळ्यांनी न पाहता.

आपल्या उदाहरणातही अधिक तीन मिलिसेकंदांच्या कप्प्यात ६० जोड्या मिळाल्या असे धरू. अपेक्षा २० ची, म्हणजे जास्तीच्या ४०. अ चे स्पाइक २,०००, तेव्हा अ च्या दर पन्नास स्पाइकमागे ब चा एक स्पाइक जास्तीचा पडला. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण कॉर्टेक्समधल्या एका न्यूरॉनला हजारो न्यूरॉनकडून संदेश येत असतात. त्या गर्दीत एकट्याने पन्नासांतून एकदा आपले म्हणणे खरे करून दाखवणे ही मोठीच गोष्ट आहे.

मात्र ६० ऐवजी २९ आले असते तर? योगायोगाचे आकडेही हलतात. सरासरी २० असेल, तर अशा मोजणीचे प्रमाण विचलन २० च्या वर्गमुळाइतके, सुमारे साडेचार असते. त्याची दुप्पट म्हणजे ९, तेव्हा ११ ते २९ च्या आतले काहीही योगायोगात खपून जाते. आणि इथेच नवखा माणूस हमखास घसरतो. त्याच्या आलेखात उणे २०० ते अधिक २०० मिळून ४०१ स्तंभ आहेत. दर वीस स्तंभांमागे एक स्तंभ काही कारण नसताना या सीमेबाहेर जाणारच, म्हणजे एकूण वीसएक स्तंभ. त्यांतला सगळ्यात उंच निवडून ‘हा पाहा संबंध’ म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. त्यामुळे सीमा जास्त कडक ठेवावी लागते, किंवा सुळका कुठे शोधायचा ते आलेख पाहण्याआधीच ठरवावे लागते.

एक न्यूरॉन दुसऱ्याला दाबतही असतो. तसे असेल तर आलेखात सुळक्याऐवजी खळगा पडतो. हा खळगा ओळखणे कठीण असते, आणि त्याचे कारण निव्वळ अंकगणिती आहे. २० ची अपेक्षा असताना ५ आले तर लगेच कळते. पण सावकाश फायर होणाऱ्या न्यूरॉनमध्ये अपेक्षाच २ ची असेल, तर शून्याच्या खाली कुणी जाऊ शकत नाही, आणि २ च्या जागी ० येणे ही रोजचीच बाब आहे. म्हणून या पद्धतीत उत्तेजक जोडण्या सहज सापडतात आणि दाबणाऱ्या जोडण्या नजरेतून निसटतात. अशा नोंदींवरून कुणी ‘मेंदूच्या या भागात दाबणारे संबंध कमी आहेत’ असे म्हटले, तर आधी फायरिंगचा वेग विचारावा.

इथपर्यंत आपण धरून चाललो की प्रत्येक न्यूरॉनचा वेग शंभर सेकंद एकसारखा होता. खऱ्या मेंदूत असे जवळपास कधीच नसते. प्रयोगात प्राण्याला चित्र दाखवतात, चित्र आले की दोन्ही न्यूरॉन जोरात फायर होतात आणि गेले की मंदावतात. एका चाळीतली दोन बिऱ्हाडे डोळ्यांपुढे आणा. नळाला सकाळी सहाला पाणी येते आणि दोन्ही घरांत बादल्यांचा आवाज एकदमच सुरू होतो. त्यासाठी त्यांना एकमेकांशी बोलावे लागत नाही. दोन्ही आवाजांचा कोरेलोग्राम काढला तर मधोमध भलामोठा उंचवटा येईल, आणि तो सगळा नळाचा असेल.

नळाचा वाटा वेगळा काढायची युक्ती पर्केल आणि गर्स्टाइन यांच्याच परंपरेतली आहे. पहिल्या घराचा सोमवारचा आवाज दुसऱ्या घराच्या मंगळवारच्या आवाजाशी जुळवून पाहायचा. सोमवारचे बोलणे मंगळवारी ऐकू जात नाही, पण पाणी दोन्ही दिवशी सहालाच येते. तेव्हा या खोट्या जोडीत जो उंचवटा उरेल तो वेळापत्रकाचा. प्रयोगशाळेत हेच करतात: तेच चित्र शंभर वेळा दाखवायचे, अ ची पहिली फेरी ब च्या दुसऱ्या फेरीशी, दुसरी तिसरीशी, असे जोडत जायचे. यातून निघणाऱ्या आलेखाला शिफ्ट प्रेडिक्टर म्हणतात. मूळ आलेखातून तो वजा केला की चित्रामुळे आलेले साम्य निघून जाते. म्हणजे सपाट २० च्या जागी आता वर-खाली होणारी, पण अधिक प्रामाणिक अपेक्षा आली. पुढे १९८९ मध्ये एर्टसन, गर्स्टाइन, हबीब आणि पाम यांनी हीच वजाबाकी चित्र दाखवल्यापासूनच्या प्रत्येक क्षणासाठी वेगळी करून दाखवली, त्यामुळे दोघांमधले नाते फेरीच्या मध्येच घट्ट किंवा सैल होते का, तेही पाहता येऊ लागले.

अनेक वर्षे हे पुरेसे मानले गेले. १९९९ साली कार्लोस ब्रॉडी यांनी न्यूरल कॉम्प्युटेशन या नियतकालिकात दाखवले की ते पुरेसे नाही. चाळीकडे परत या. एखाद्या दिवशी पाणी अर्धा तास उशिरा आले तर त्या दिवशी दोन्ही घरे अर्धा तास उशिरा भांडी मांडतील. दुसऱ्या एखाद्या दिवशी पाण्याचा दाबच जास्त, तर दोन्ही घरे जास्त भरतील. सोमवार-मंगळवारची खोटी जोडी सरासरी वेळापत्रक काढून टाकते, पण त्या-त्या दिवसाचा उशीर किंवा दाब दोघांत सामाईक असतो, तो तसाच शिल्लक राहतो. मेंदूत याचे प्रतिरूप म्हणजे जाग, झोप, भुलीची खोली, लक्ष. कुठल्या फेरीत प्राणी जास्त जागा असतो, कुठल्यात पेंगतो, आणि त्याबरोबर शेजारचे सगळे न्यूरॉन एकत्र वर-खाली होतात. ब्रॉडी यांनी कृत्रिम मालिका तयार केल्या. त्यांत एकाही स्पाइकचा दुसऱ्या न्यूरॉनच्या स्पाइकशी थेट संबंध नव्हता, तरी वजाबाकीनंतर कोरेलोग्राममध्ये उंचवटा उभा राहिला. त्यांच्या लेखाचे नावच ‘समक्रमाविना सहसंबंध’ अशा अर्थाचे आहे. तोवर छापल्या गेलेल्या बऱ्याच आलेखांकडे त्यानंतर पुन्हा पाहावे लागले.

यातून वाट काढणाऱ्या पद्धतींपैकी मला सगळ्यात मोलाची वाटते ती जिटर पद्धत, कारण ती आपला प्रश्न आधी काटेकोर करायला भाग पाडते. तिची रीत अशी. वेळेचे २५ मिलिसेकंदांचे पक्के खण पाडायचे. ब चा प्रत्येक स्पाइक त्याच्या खणातच ठेवायचा, पण खणातली जागा चिठ्ठी टाकून बदलायची. असे केल्याने प्रत्येक खणातली स्पाइकची संख्या जशीच्या तशी राहते, त्यामुळे चित्राचा परिणाम, पेंगणे, उशीर, दाब, असे २५ मिलिसेकंदांहून सावकाश बदलणारे जे काही आहे ते सगळे टिकते. मोडते ते फक्त बारीक वेळेचे नाते. अशा ९९९ बनावट मालिका करायच्या, प्रत्येकीत तीन मिलिसेकंदांवरच्या गाठी मोजायच्या आणि खरी मोजणी या रांगेत कितवी लागते ते पाहायचे. खरी मोजणी हजारांत पहिली आली, तर तसे योगायोगाने होण्याची संभाव्यता हजारात एक. असोहन अमरसिंघम, मॅथ्यू हॅरिसन, निकोलस हॅत्सोपुलस आणि स्टुअर्ट गेमान यांनी २०१२ मध्ये या पद्धतीची संख्याशास्त्रीय बैठक सविस्तर मांडली.

इथे दोन बारकावे आहेत. खण घड्याळावर आधीच ठरलेले हवेत. प्रत्येक स्पाइक त्याच्या मूळ जागेभोवती हलवला, तर मूळ मालिका सगळ्या बनावट मालिकांच्या बरोबर मध्यावर बसते आणि ‘ही सगळ्यांसारखीच एक’ हे गृहीतक मोडते. दुसरे असे की स्पाइक दिल्यावर न्यूरॉनला एक-दोन मिलिसेकंद दम घ्यावा लागतो. चिठ्ठ्या टाकताना एकाच न्यूरॉनचे दोन स्पाइक त्याहून जवळ आले, तर खऱ्या न्यूरॉनला जे जमत नाही ते बनावट मालिका करू लागते. त्यासाठी जवळचे स्पाइक गटाने हलवण्याची सुधारित रीत आहे.

आता आपल्या ६० गाठींकडे दुसऱ्या नजरेने पाहू. संख्याशास्त्रात सहसंबंधाचा सर्वपरिचित आकडा म्हणजे पिअर्सन गुणांक, उणे १ ते अधिक १ मधला. आपल्या मिलिसेकंदी कप्प्यांसाठी तो काढला तर किती येतो? सहविचलन ०.०००६ वजा ०.०००२, म्हणजे ०.०००४. त्याला दोघांच्या प्रमाण विचलनांच्या गुणाकाराने, सुमारे ०.०१३९ ने भागले की उत्तर येते ०.०३ च्या किंचित खाली. गाठी अपेक्षेच्या तिप्पट, आणि सहसंबंध मात्र ०.०३! दोन्ही आकडे बरोबर आहेत. कप्पे बारीक असले की बहुतेक कप्पे रिकामे असतात आणि गुणांक लहान येतो. मेंदूत कप्पा मोठा करत नेला की तो सहसा वाढत जातो, कारण सावकाश चढउतारही त्यात मिसळतात. त्यामुळे कप्प्याची रुंदी न सांगता दिलेला न्यूरॉनचा सहसंबंध म्हणजे एकक न सांगता दिलेले वजन.

वेगाचाही त्यात हात असतो. हायमे दे ला रोचा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या कापातल्या न्यूरॉनमध्ये अंशतः सामाईक विद्युतप्रवाह सोडला. सामाईक वाटा तेवढाच ठेवूनही न्यूरॉनचा फायरिंगचा वेग वाढला की त्यांच्या स्पाइकमधला सहसंबंध वाढत गेला. म्हणजे ‘चित्र दाखवल्यावर न्यूरॉनमधले नाते घट्ट झाले’ असे दिसले, तरी नात्यात काहीच बदल झालेला नसेल, फक्त वेग वाढला असेल. दोन स्थितींची तुलना करताना वेग सारखा असलेल्या जोड्याच शेजारी ठेवाव्यात, हा धडा त्यातून मिळाला.

खुद्द नोंदही फसवते. एकच इलेक्ट्रोड दोन न्यूरॉन ऐकत असेल आणि दोघे एकाच क्षणी फायर झाले, तर दोन ठोके एकमेकांवर चढतात, संगणकाला वेगळे ओळखू येत नाहीत आणि तो एक किंवा दोन्ही गाळतो. मग शून्यावर मिलिसेकंदभर खळगा पडतो, जणू दोघे एकमेकांना टाळतात. उलट एकाच न्यूरॉनचा ठोका दोन नावांनी नोंदला गेला तर शून्यावर सुईसारखा सुळका येतो. बरोबर शून्यावरचा अति-अरुंद बदल दिसला की आधी यंत्राकडे संशयाने पाहायचे.

एवढी खटपट कशासाठी, असे कुणी विचारले तर सगळ्यात चांगले उत्तर १९९४ सालच्या एका लेखात आहे. एहुद झोहारी, मायकेल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम यांनी हालचाल ओळखणाऱ्या एमटी या भागातल्या न्यूरॉनच्या जोड्या माकडांत नोंदवल्या. दृश्य तेच असताना प्रत्येक फेरीत स्पाइकची संख्या थोडी बदलते. एकाची सरासरीहून वर गेली तेव्हा दुसऱ्याचीही जाते का, एवढेच त्यांनी मोजले. याला नॉइज कोरिलेशन म्हणतात. सरासरी आली ०.१२. दुर्लक्ष करावे असा हा आकडा वाटतो. पण शंभर न्यूरॉनची सरासरी काढून मेंदू निर्णय घेतो असे माना. न्यूरॉन स्वतंत्र असते, तर एकट्याच्या तुलनेत अचूकता दहापट झाली असती. प्रत्येक जोडीत ०.१२ असेल, तर सूत्र सांगते की ती २.८ पटच होते. हजार न्यूरॉन घेतले तर? २.८८. लाख घेतले तरी २.८९ च्या पुढे जात नाही. सामाईक चढउतार सरासरीत पुसले जात नाहीत, म्हणून शंभरएक न्यूरॉननंतर प्रत्येक नवा न्यूरॉन जवळपास वाया जातो.

असा परिणाम असल्यावर तो ०.१२ खरा किती, यावर वाद होणारच. अलेक्झांडर एकर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जागृत माकडांच्या प्राथमिक दृष्टी-कॉर्टेक्समध्ये काळजीपूर्वक नोंदी घेतल्या आणि सरासरी आली ०.०१ च्या आसपास. ०.०१ धरले तर हजार न्यूरॉनची अचूकता साडेनऊपट होते. आकडा दहापट लहान झाला आणि मेंदूची क्षमता तिप्पट झाली! नंतर याच गटाच्या कामातून दिसले की भुलीखाली न्यूरॉनचे सामूहिक चढउतार वाढतात आणि त्याबरोबर सहसंबंधही. मेंदूचा भाग, न्यूरॉनमधले अंतर, वेग, कोणता स्पाइक कोणत्या न्यूरॉनचा या वर्गीकरणाची शुद्धता, प्राण्याची अवस्था, या सगळ्यांवर तो आकडा अवलंबून असतो. मार्लीन कोहेन आणि अ‍ॅडम कोन यांनी २०११ मध्ये अशा मतभेदांचा सविस्तर आढावा घेतला. त्याआधी २००९ मध्ये कोहेन आणि जॉन मॉन्सेल यांना माकडांत आढळले होते की प्राणी एखाद्या जागी लक्ष देतो तेव्हा व्ही-४ या भागातला नॉइज कोरिलेशन कमी होतो, आणि लक्ष दिल्याने होणाऱ्या फायद्याचा मोठा वाटा वेग वाढण्यापेक्षा या घटीचा आहे. मला हा निष्कर्ष या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लक्ष देणे म्हणजे आवाज चढवणे असे आपण समजत होतो. त्यात सामाईक गोंगाट कमी करणेही असते, हे जोड्या मोजल्याशिवाय कधी कळलेच नसते.

दोनांवरून अनेकांकडे गेले की गणित झपाट्याने फुगते. दहा न्यूरॉन, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे १,०२४ नमुने. चाळीस न्यूरॉनचे एक लाख कोटींच्याही वर. एवढे नमुने मोजायला जन्म पुरायचा नाही. एलाड श्नायडमन, मायकेल बेरी, रोनेन सेगेव्ह आणि विल्यम बायलेक यांनी २००६ मध्ये डोळ्याच्या दृष्टिपटलातल्या दहा-दहा न्यूरॉनच्या गटांवर एक सोपा प्रश्न लावून पाहिला: एकेकाचा वेग आणि प्रत्येक जोडीचा सहसंबंध एवढेच ठाऊक असेल, बाकी काहीच गृहीत धरले नाही, तर गटाचे वागणे किती सांगता येईल? दहा वेग आणि पंचेचाळीस जोड्या मिळून ५५ आकडे. त्यांतून गटातल्या परस्परावलंबनाचा सुमारे ९० टक्के भाग हाती आला. जोड्यांचे सहसंबंध एकेकटे क्षीण होते, पण ते विसरून न्यूरॉन स्वतंत्र मानले की काही नमुन्यांचा अंदाज कित्येक पटींनी चुकत होता.

दुसरी वाट भाकिताची आहे. ब पुढच्या मिलिसेकंदात फायर होईल का, याचा अंदाज तीन गोष्टींवरून बांधायचा: समोरचे दृश्य, ब चा स्वतःचा नुकताच भूतकाळ, आणि शेजाऱ्यांचा नुकताच भूतकाळ. पहिल्या दोन गोष्टी हिशेबात घेऊनही शेजाऱ्यांमुळे अंदाज सुधारला, तर तेवढे नाते शिल्लक आहे. जोनाथन पिलो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये माकडाच्या दृष्टिपटलातल्या २७ न्यूरॉनसाठी असे प्रतिमान बांधले. न्यूरॉनमधले दुवे धरून स्पाइक वाचले, तर दृश्याबद्दल दुवे न धरता मिळते त्याहून २० टक्के जास्त माहिती मिळाली. कोरेलोग्राममध्ये जी कामे वेगवेगळ्या वजाबाक्यांनी करावी लागतात ती इथे एकाच समीकरणात होतात. म्हणून अनेक प्रयोगशाळा या पद्धतीकडे वळल्या आहेत. तरीही मी आधी कोरेलोग्राम काढून पाहायलाच सांगेन. समीकरण प्रत्येक नोंदीवर काही ना काही उत्तर देतेच. नोंद बिघडलेली असेल तर ते आलेखात आधी दिसते.

या कोणत्याही पद्धतीला न ओलांडता येणारी एक मर्यादा आहे. न नोंदलेला तिसरा न्यूरॉन अ ला आधी आणि ब ला तीन मिलिसेकंदांनी उशिरा उद्दीपित करत असेल, तर आलेख अगदी अ ने ब ला उद्दीपित केल्यासारखाच येईल. २०१७ साली आलेल्या न्यूरोपिक्सेल्स या इलेक्ट्रोडवर ९६० नोंदबिंदू आहेत आणि त्यांपैकी ३८४ एका वेळी वापरता येतात. तरी उंदराच्या मेंदूतल्या सुमारे ७ कोटी न्यूरॉनपुढे ते काहीच नाहीत. जोडणी आहेच असे ठामपणे म्हणायचे, तर अ ला बाहेरून, विजेने किंवा प्रकाशाने, स्वतः फायर करावे लागते आणि ब काय करतो ते पाहावे लागते.

हे सगळे वाचून कुणा विद्यार्थ्याला स्वतः करून पाहावेसे वाटले, तर त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅलन इन्स्टिट्यूटने उंदरांच्या दृष्टी-मेंदूतून न्यूरोपिक्सेल्सने घेतलेल्या नोंदी सर्वांसाठी मोफत खुल्या ठेवल्या आहेत, आणि त्या वाचायची पायथनमधली साधनेही सोबत आहेत. दोन न्यूरॉन निवडा, वेळांच्या दोन याद्या काढा, कोरेलोग्राम रेखाटा. सुळका दिसला तर आनंद होईलच. पण तो कुणाला दाखवण्याआधी फेऱ्यांची अदलाबदल करून आणि स्पाइक खणाखणांत हलवून तो टिकतो का, ते तपासा.